क्षमेचा अधिकार कोणाचा?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. बांधावरच्या, वाटणीच्या, देण्याघेण्याच्या कज्ज्यांपुरते ते खरेही आहे. अशा कज्ज्यांत दोन्ही घरे बसतात आणि तारखा तेवढ्या चालू राहतात. पण काही खटल्यांत पायरी चढणारा आपल्या लाभासाठी चढत नसतो. गावात कोणाला जातीवरून पाण्यावाचून, देवळावाचून किंवा पंगतीवाचून ठेवले, तर त्याबद्दल सरकारतर्फे न्यायालयात उभे राहणे हे ज्याचे काम, तो सरकारी वकील अशांपैकी होय. आता हा वकील गळ्यात तुळशीची माळ घालणारा, एकादशी करणारा, आषाढीला पंढरीस जाणारा असला, तर त्याच्यापुढे मोठे धर्मसंकट उभे राहते. सकाळी हरिपाठाला बसून सर्वांच्या ठायी एकच देव आहे असे म्हणायचे, आणि अकरा वाजता न्यायासनापुढे उभे राहून 'या माणसाला कारावास व्हावा' असे मागायचे. ही दोन्ही वचने एकाच तोंडाला शोभतात काय?

प्रस्तुत लेखक वकिलीच्या व्यवसायातला आणि वारकरी घरातला असल्यामुळे हा प्रश्न त्याला दिंडीत चालताना आणि सप्ताहाच्या मंडपातही पुष्कळांनी विचारला आहे. विचारणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगलाच असतो. तेव्हा त्याचे उत्तर घाईने न देता, नीट उकलून पाहणे बरे.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न पोथीतला राहत नाही. वणी, मारेगाव, झरी-जामणीपासून पुसद, उमरखेड, महागावपर्यंत सोळा तालुक्यांचा हा जिल्हा. वर्धा आणि पैनगंगा यांच्या मधला कपाशीचा काळा मुलूख. गावोगाव कुणबी, माळी, तेली, बंजारा आहेत. बौद्ध, मातंग, चर्मकार आहेत. गोंड, कोलाम, परधान, आंध आहेत. आणि हरिनाम सप्ताह तर ठिकठिकाणी बसतो. त्यामुळे जातीवरून एखादा खटला उभा राहिला की आरोपी भजनी मंडळातला, फिर्यादीही टाळ वाजवणारा, आणि पाहणारे सारे माळकरी, असे घडू शकते. अशा वेळी गावचे वडीलधारे लोक वकिलाकडे येतात आणि हात जोडून म्हणतात, "साहेब, जे झालं ते झालं. पांडुरंगानं पाह्यलं हाय. आता मिटवून टाका न. आमाले याच गावात राहाचं हाय."

या बोलण्यात क्षमा आहे, शांतीची इच्छा आहे, भीतीही आहे. यातले कोणते किती, ते पाहायचे असेल तर आधी हे काम सरकारकडे का आले ते समजून घेतले पाहिजे.

महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी २० मार्च १९२७ रोजी प्याले. तळे सार्वजनिक होते. तरीही काही स्पृश्य मंडळींनी दिवाणी दावा लावला. तो दावा मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्याचा अखेरचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची अनादि काळापासूनची रूढी आहे हे दावेदारांना सिद्ध करता आले नाही, असे न्यायालयाने ठरवले. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे गेली. आणि ती दहा वर्षे ज्याची तहान, त्यालाच प्रतिवादी व्हावे लागले. त्यालाच वकील द्यावा लागला. बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते म्हणून निभावले. आडगावच्या मजुराने काय केले असते?

पुढे काळ पालटला. साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभले आणि दहा दिवसांनी विठ्ठलमंदिराचे दार हरिजनांना उघडले. आपल्या संप्रदायाच्या इतिहासातला तो थोर दिवस होय. त्याच वर्षी आपला यवतमाळ जिल्हा ज्या मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, तिथेही दोन कायदे झाले; एक अनुसूचित जातींवरची नागरी बंधने दूर करणारा, दुसरा मंदिरप्रवेशाचा. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर केले. तेच आज राज्यघटनेचे सतरावे कलम आहे. त्याला दंडाचे बळ देणारा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम १ जून १९५५ पासून अमलात आला. १९७६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती होऊन त्याचे नाव 'नागरी हक्क संरक्षण अधिनियम' झाले. शिवाय, अनुसूचित जाती आणि जमाती दोहोंसाठी अत्याचार प्रतिबंधाचा १९८९ चा कायदा ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. आपल्याकडच्या कोलामांना, गोंडांना हा दुसरा कायदा फार जवळचा; कारण त्यांची जमीन बेकायदा बळकावणे हाही त्यात अपराध आहे.

या सर्वांतून जे बदलले ते एका ओळीत सांगता येते. खटल्याच्या कागदावर पूर्वी पीडिताचे नाव असे, आता राज्याचे असते. 'महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक' असे तिथे लिहिलेले असते. म्हणजे एका कोलामाचा किंवा एका मातंगाचा अपमान हा सर्व राज्याने आपला अपमान मानला. नागरी हक्काचे साधे खटले दंडाधिकाऱ्यापुढे चालतात, तिथे सहायक सरकारी अभियोक्ता उभा राहतो. १९८९ च्या कायद्याचे खटले विशेष न्यायालयात चालतात. तिथल्या विशेष सरकारी अभियोक्त्याला निदान सात वर्षांच्या वकिलीचा अनुभव लागतो. दोघेही लोकांच्या वतीने बोलतात. आणि 'लोक' म्हटले की त्यात आपण वारकरीही आलोच.

आता एक प्रसंग कल्पू. आडवळणाचे एक गाव आहे. सप्ताहाची समाप्ती झाली, काल्याचे कीर्तन झाले, दहीलाह्यांचा प्रसाद वाटला गेला आणि महाप्रसादाच्या पंगती बसल्या. पहिल्या पंगतीत बसलेल्या एका माणसाला कोणी म्हणाले, "तुमची पंगत मागून, तिकडं." तो उठला नाही. तेव्हा जातीचे नाव घेऊन, चार शब्द टाकून त्याला उठवले. शे-सव्वाशे माणसे हे पाहत होती. रात्री त्याने पोलीस ठाण्यात जाऊन फिर्याद दिली.

ज्या काल्यात सर्वांच्या शिदोऱ्या एक होतात, त्याच काल्याच्या दिवशी हे घडले, याचे दुःख वेगळे सांगायला नको. पण आपण वकिलाच्या बाजूने पाहत आहो. त्याच्या हाती काय असते? कायदा त्याला पुष्कळ साह्य करतो. नागरी हक्कांच्या कायद्यात असे आहे की, अनुसूचित जातीच्या माणसाला असा प्रतिबंध केला हे एकदा सिद्ध झाले, की तो अस्पृश्यतेच्या कारणावरूनच केला असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने दाखवायचे. परंतु प्रतिबंध केला, शब्द उच्चारले, हे मात्र सरकारी वकिलानेच सिद्ध केले पाहिजे. १९८९ च्या कायद्यात तर जातीवरून केलेला अपमान 'लोकांच्या दृष्टीसमोर' झालेला असावा लागतो. वाचकहो, या दोन शब्दांकडे लक्ष द्या. लोकांची दृष्टी ही त्या अपराधाचे अंगच आहे. लोकांनी पाहिले नाही, असे लोकच म्हणाले, तर वकिलाच्या हाती उरते काय?

आणि नेमके तिथेच खटला मोडतो. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते. तो जबाब म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे पिंजऱ्यात उभे राहून, शपथेवर, न्यायाधीशासमोर सांगितलेले. मधे कित्येक महिने, कधी वर्षे जातात. तोवर गावात बोलणी होतात. कोणाची उचल थकलेली असते, कोणाला मालकाच्याच शेतात सोंगणीला जायचे असते, कोणाच्या मुलीचे लग्न ठरायचे असते. मग तारखेच्या दिवशी जो माळकरी जागेवर हजर होता तो म्हणतो, "मी तवा मांडवाच्या मांगं होतो. मले काई दिसलं नाई." वकील न्यायालयाची परवानगी मागून आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेतो, पूर्वीचा जबाब वाचून दाखवतो. त्यावर कोर्टाच्या कागदांत शेकडो वेळा आलेले एक वाक्य पुन्हा उतरते: पोलिसांनी असे का लिहिले याचे कारण मी सांगू शकत नाही. साक्षीदार फितूर म्हणून नोंदला जातो. आरोपी सुटतो. गावात म्हणतात, "बरं झालं, मिटलं. पांडुरंगानं सांभाळलं."

येथे क्षमेचा प्रश्न येतो. आपण म्हणतो, माळकऱ्याने क्षमाशील असावे. खरे आहे. पण क्षमा करण्याचा अधिकार कोणाचा? माझ्या घरची चोरी झाली तर चोराला मी क्षमा करीन. शेजाऱ्याच्या घरी चोरी झाली आणि मी चोराला म्हणालो, 'जा बाबा, तुला क्षमा केली', तर ती क्षमा झाली काय? ज्याची पत्रावळ उचलली त्याने क्षमा करावी की न करावी हा त्याचा आणि त्याच्या देवाचा प्रश्न. ती त्याच्या वतीने गावाने वाटून टाकणे म्हणजे आधी त्याचे ताट घेतले, मग त्याची क्षमाही घेतली, असे होते. सरकारी वकिलालाही हेच लागू. त्याला सहन करावे लागले नाही. म्हणून क्षमा करण्याचा हक्कही त्याला पोचत नाही. त्याच्या हाती आहे ते एवढेच की जे घडले ते न्यायासनापुढे पुरतेपणी मांडावे.

यावर कोणी म्हणेल, पीडितानेच क्षमा केली, तो स्वतःच म्हणतो मिटवा, तर मग? याचे उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे. १९५५ चा कायदा मूळ ज्या रूपात होता त्यात न्यायालयाच्या परवानगीने तडजोडीला वाव होता. १९७६ च्या दुरुस्तीने तो वाव काढून टाकला. यामागची गोष्ट ज्याने गावात चार वर्षे काढली त्याला सांगावी लागत नाही. एका बाजूला पंचवीस एकरांचा धनी, दुसऱ्या बाजूला त्याच्याच शेतात कापूस वेचणारी बाई. यांच्यात तडजोड होते ती कशी होते? तिने 'क्षमा केली' असे म्हणावे म्हणून आधी तिची वेचणी बंद होते, मग दुकानातले उधार बंद होते, मग हातपंपावर टोमणे सुरू होतात. शेवटी ती अंगठा देते. याला क्षमा म्हटले तर क्षमेसारख्या थोर गुणाची विटंबना आहे. क्षमा बळवंताने करावी, दुबळ्याला ती परवडत नाही असे मी म्हणत नाही. दुबळ्यांनी केलेल्या अपार क्षमेवरच हा समाज उभा आहे. मी एवढेच म्हणतो की जिला 'नाही' म्हणण्याची मोकळीक नाही, तिच्या 'होय'चा अर्थ लावता येत नाही. न्यायालयाने आधी तिला ती मोकळीक द्यावी. मग मनातून क्षमा करायची तर ती निकालानंतरही करता येते. उलट तेव्हाच ती खरी ओळखू येते.

आता चोखोबांकडे वळू. त्यांचा जन्म आपल्या वऱ्हाडातल्या मेहुणा राजा या गावचा मानतात. त्यांचे ते आख्यान आपण सारे ऐकत आलो आहो. देवाच्या गळ्यातला हार चोखोबांच्या गळ्यात सापडला. चोरीचा आळ आला. त्यांना बैलांच्या पायी बांधून ओढण्याची शिक्षा झाली. बैल मात्र जागचे हलले नाहीत, खुद्द देवाने ते धरून ठेवले होते, असे कीर्तनकार सांगतात, आणि आपल्या डोळ्यांना पाणी येते. पण त्या आख्यानातली एक गोष्ट आपण सहज ओलांडून जातो. पंढरीसारखे गाव, इतकी माणसे भोवती जमलेली. त्यांतल्या एकाने तरी पुढे होऊन 'हा माणूस चोर नव्हे, मी याला ओळखतो' असे म्हटले काय? माणसे गप्प राहिली, म्हणून मुक्या जनावरांना साक्ष द्यावी लागली. देवाला बैलांची शिंगे धरावी लागली ती माणसांनी तोंडे धरून ठेवली म्हणून.

आणि दुसरे आख्यान पाहा. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखोबा इतर मजुरांबरोबर गाडले गेले. शके १२६० ची ही गोष्ट सांगतात. तेव्हा नामदेवराय तिथवर गेले, ढिगाऱ्यातून हाडे वेचली, आणि ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला ती चोखोबांची म्हणून ओळखली. ती पंढरीस आणून महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. नामदेवराय स्वस्थ बसून 'देवाने पाहिले आहे' असे म्हणाले नाहीत. ते चालत गेले, कान लावून ऐकले, ओळख पटवली आणि चारचौघांत सांगितले. साक्ष म्हणतात ती याहून निराळी काय असते? वारकऱ्याने एक दिवसाची मजुरी बुडवून, एस.टी. धरून यवतमाळला, पुसदला किंवा पांढरकवड्याला तारखेस जावे आणि पाहिले तेवढे सांगावे, ही नामदेवांच्या वाटेवरची दोन पावले आहेत असे मला वाटते. आणि अत्याचाराच्या खटल्यांत ती मजुरीही अगदी बुडत नाही. १९९५ च्या नियमांत साक्षीदाराला जाण्यायेण्याचे भाडे आणि किमान वेतनाहून कमी नाही असा दैनिक खर्च द्यावा असे आहे. तो मागून घ्यावा, त्यात लाज नाही.

न्यायालयात साक्षीदाराला ईश्वराला स्मरून शपथ घ्यावी लागते. ज्याने रोज नामस्मरण करावे, त्याने त्याच देवाला स्मरून खोटे बोलावे, आणि मग संध्याकाळी पुन्हा भजनाला बसावे, हे कसे जमते? 'पांडुरंगाने पाहिले आहे' हे खरेच. पण तुम्हीही पाहिले आहे, आणि पाहणारे डोळे त्याचेच आहेत असे आपणच म्हणतो.

आता काही शंका उरतात, त्याही पाहू. पहिली शंका अशी की कायद्याने मन पालटत नाही, मन पालटते ते संतांच्या बोधाने. कबूल. साने गुरुजींच्या उपोषणाने जे झाले ते कोणत्याही शिपायाने झाले नसते. पण सातशे वर्षांचा बोध असूनही मंदिराचे दार उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, हेही विसरून चालणार नाही. मन पालटेपर्यंत तहानलेल्याने थांबावे, असे म्हणणारा स्वतः तहानलेला नसतो. कर्नाटकातला एक खटला सर्वोच्च न्यायालयात १९९२ मध्ये निकाली निघाला. नव्या बोअरवेलवर पाणी भरू दिले नाही, बंदुकीचा धाक दाखवून अडवले, अशी ती फिर्याद होती. खालच्या न्यायालयाने दोषी धरले, उच्च न्यायालयाने सोडले, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोषी धरले. बोअरवेल नवी, पण आडकाठी जुनीच! कायदा मनाला हात घालू शकत नाही. हाताला मात्र धरू शकतो, आणि घागर भरायची तर आधी हातच बाजूला व्हावा लागतो.

दुसरी शंका, गावची एकी मोडते. पण एकी केव्हा मोडली? फिर्याद दिली तेव्हा की पत्रावळ उचलली तेव्हा? आपल्या संप्रदायाचा पायाच वाळीत टाकलेल्या चार भावंडांनी घातला आहे. संन्याशाची मुले म्हणून ज्यांना आळंदीने बाहेर ठेवले, आणि जी शुद्धिपत्रासाठी पैठणच्या ब्रह्मसभेपुढे जाऊन उभी राहिली, त्यांना आपण माउली म्हणतो, मुक्ताई म्हणतो. त्यांनी न्याय मागितला म्हणून आळंदीची एकी मोडली असे कोणी म्हणत नाही. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला, तो २०१७ पासून अमलात आहे. ज्ञानदेवांच्या वेळी तो असता तर सरकारी वकील कोणाच्या बाजूने उभा राहिला असता, याचा विचार ज्याने त्याने करावा.

तिसरी शंका सर्वांत जड आहे. खोट्या फिर्यादीही होतात, वैरापोटी माणसे गुंतवली जातात, त्याचे काय? होतात, कोणत्याही कायद्याखाली होतात. या शंकेवरून मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटकेपूर्वी चौकशीचे आणि परवानगीचे निर्देश दिले. त्याच वर्षी संसदेने दुरुस्ती करून ते निष्प्रभ केले. २०१९ मध्ये न्यायालयाने ते निर्देश स्वतः मागे घेतले, आणि २०२० मध्ये ती दुरुस्ती वैध ठरवली. असे असले तरी सरकारी वकिलाची जबाबदारी त्यामुळे संपत नाही, उलट वाढते. तो फिर्यादीचा खाजगी वकील नव्हे. शिक्षा मिळवणे हे त्याचे व्रत नव्हे, सत्य मांडणे हे आहे. आरोपीच्या बाजूचा कागद हाती आला तर तो त्याने दडवू नये. पुरावा नसेल तिथे आवाज चढवून तो निर्माण करू नये. खटला मागे घेण्याजोगाच असेल तर न्यायालयाच्या संमतीने तसे करण्याची तरतूद आहे. मात्र ती पुढाऱ्याच्या चिठ्ठीवरून वापरायची नसते. आरोपीच्या हृदयातही पांडुरंग आहे हे ज्याला मान्य, त्याला हे जड जाऊ नये. कायद्याने त्या आरोपीला जेवढा दंड नेमला आहे, नागरी हक्कांच्या खटल्यात बहुधा एक ते सहा महिने कैद आणि वर थोडका दंड, तेवढाच मागावा. त्यापलीकडे त्याचा पाणउतारा मागू नये. दंड आणि सूड यांत जे अंतर आहे, ते राखणे हेच माळकरी वकिलाचे खरे अनुष्ठान होय.

पण याच शंकेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आरोपी सुटला म्हणजे फिर्याद खोटी होती, असे सर्रास म्हटले जाते. हे बरोबर नाही. साक्षीदार फितूर झाले म्हणून सुटतात, जातीचा दाखला वेळेवर दाखल झाला नाही म्हणून सुटतात, उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने तपास करायचा तो खालच्याने केला म्हणूनही सुटतात. विदर्भातलेच खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी एका घरातली चार माणसे मारली गेली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले. परंतु जातीवरून अत्याचार झाल्याचा आरोप सिद्ध मानला गेला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीच्या शिक्षा पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलल्या, आणि अत्याचाराच्या कायद्याबाबत निष्कर्ष तोच राहिला. चार मृत्यू सिद्ध झाले, पण त्यांचे कारण न्यायालयाच्या लेखी जात ठरले नाही. न्यायालय पुराव्यावर चालते, त्याला दोष देण्याचा येथे हेतू नाही. पण गावाच्या डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीचे 'का' कोर्टाच्या कागदावर उतरायचे तर ते गावानेच सांगावे लागते, एवढे यातून शिकण्यासारखे आहे.

कीर्तनकार-प्रवचनकार मंडळींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९७६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने असेही म्हटले आहे की अस्पृश्यतेचे समर्थन इतिहासाच्या, तत्त्वज्ञानाच्या, धर्माच्या किंवा जातिपरंपरेच्या आधाराने केले, तरी ते तिला उत्तेजन दिल्यासारखेच आहे. पूर्वजन्मीच्या कर्माचा हवाला देऊन कोणाला पंगतीबाहेर ठेवणारा वक्ता व्यासपीठावर बसला म्हणून सुटत नाही. आपल्या संतांनी हे फार आधी सांगून ठेवले होते. कायद्याला ते लिहावे लागले, याची खंत आपणच बाळगायची.

मग पहिल्या प्रश्नाचे उत्तर काय? सकाळचा हरिपाठ आणि अकरा वाजताची मागणी ही दोन तोंडे नव्हेत. सर्वांठायी देव आहे असे म्हणणाऱ्याला, त्यातल्या एका देवाला दाराबाहेर ठेवले जात असता गप्प राहता येत नाही. तो आरोपीचा द्वेष करीत नाही, फिर्यादीच्या वतीने क्षमाही वाटत नाही. जे घडले ते घडले एवढे म्हणतो, आणि निकाल न्यायासनावर सोडतो. पण तो एकटा हे करू शकत नाही. त्याच्या कागदात जीव येतो तो साक्षीदाराच्या शब्दाने, आणि आपल्या जिल्ह्यात तो साक्षीदार पुष्कळदा माळकरी असणार आहे.

म्हणून गावोगावच्या भजनी मंडळांना एवढेच विनवावेसे वाटते. सप्ताहाची पंगत एकच धरा, म्हणजे कोर्टाचा प्रश्नच उरणार नाही. त्यातूनही काही वावगे घडले, तर त्याच दिवशी जे पाहिले ते सांगा. थोडेही वाढवू नका आणि थोडेही गाळू नका. तारीख लागली तर चार जण मिळून जा, म्हणजे एकट्यावर दाब येणार नाही. आणि मिटवायला जायचेच असेल, तर ज्याची पत्रावळ उचलली त्याच्या दारी न जाता, ज्याने उचलली त्याच्या दारी आधी जा. एवढे बळ आपणा सर्वांस मिळो, हीच पांडुरंगचरणी प्रार्थना. रामकृष्णहरि.